‘घ्या, तुमचंच आहे’: टॉडमर्डनच्या रस्त्याकडेच्या भाजीचं प्रकरण

इंग्लंडमधल्या टॉडमर्डन गावात पोलीस ठाण्यासमोर मका लावला होता. येता-जाता कोणी कणीस तोडलं, तर आत बसलेल्या हवालदाराने काय करावं? काहीच नाही. मका तोडण्यासाठीच लावलेला होता. डॉक्टरांच्या दवाखान्याभोवती फळझाडं, रेल्वे स्टेशनच्या आवारात भाजीचे वाफे, कालव्याच्या काठाने पुदिना आणि सेज, आणि जागोजागी एकाच अर्थाच्या पाट्या: हवं ते घ्या. या भाजीला मालक नाही, राखणदार नाही, पैसे टाकायची पेटीही नाही. ज्यांनी ती लावली त्यांना पगार नाही, आणि सुरुवातीच्या बऱ्याच वाफ्यांसाठी त्यांनी कोणाची परवानगीही घेतलेली नव्हती.

‘इन्क्रेडिबल एडिबल’ हे या उद्योगाचं नाव. तो 2008 मध्ये सुरू झाला. त्यावर भाषणं झाली, अभ्यास झाले, परदेशी पाहुणे आले. 2010 मध्ये त्या वेळचे युवराज चार्ल्सही येऊन वाफे पाहून गेले. इतकं कौतुक झालं की त्यातून खरं काय शिकायचं ते सुटून जातं. माझ्या मते हे प्रकरण भाजीचं नाहीच. अनोळखी माणसांना एका सार्वजनिक कामात सामील करून घ्यायचं, तर दाराचा उंबरठा किती खाली आणावा लागतो, याचं ते प्रकरण आहे. आणि जिथे उंबरठा उंच झाला, तिथे काय झालं याचंही.

आधी गाव

टॉडमर्डन हे उत्तर इंग्लंडमधलं, वेस्ट यॉर्कशर परगण्यातलं पंधरा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. स्थानिक लोक नुसतं ‘टॉड’ म्हणतात. तीन अरुंद दऱ्या जिथे मिळतात त्या बेचक्यात ते बसलंय. दोन्ही बाजूंना चढण इतकी उभी की सपाट जमीन म्हणजे नदी, कालवा, लोहमार्ग आणि रस्ता यांनी आपसांत वाटून घेतलेली पट्टी. डोंगरमाथ्यावर पाणथळ माळ, त्यावर स्टूडली पाइक हा 1856 मध्ये पुन्हा उभारलेला काळा दगडी मनोरा. पाऊस भरपूर, ऊन बेताचं. भाजीपाल्याची क्रांती करायला कोणी जागा शोधत निघालं असतं, तर ही पाहून पुढे गेलं असतं.

लँकशर आणि यॉर्कशर या जुन्या वैऱ्यांची सीमा 1888 पर्यंत या गावाच्या मधून जात होती. 1875 मध्ये उघडलेलं टाउन हॉल ओढ्यावरच बांधलेलं, आणि सीमा त्या ओढ्यातूनच. त्यामुळे नाचाला सुरुवात एका परगण्यात करून शेवट दुसऱ्यात करता येई, असा विनोद अजून सांगतात. इमारतीच्या माथ्यावरच्या शिल्पातही वाटणी आहे: एकीकडे लँकशरचा कापूस, दुसरीकडे यॉर्कशरची लोकर आणि शेती.

कापूस म्हटलं की आपला धागा निघतोच. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 65 या काळात, तिकडचा कापूस थांबला आणि लँकशरच्या गिरण्यांना मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसावर भिस्त ठेवावी लागली. खानदेश-वऱ्हाडचा असो की गुजरातचा, तिकडे त्या सगळ्याला ‘सुरत’ असं एकच नाव होतं. आखूड धाग्याचा तो कापूस सारखा तुटायचा, म्हणून कामगार त्याला शिव्या घालत. ‘देवा, कापूस पाठव, पण सुरतचा नको’ अशी प्रार्थना तेव्हा केली जाई म्हणतात. आपल्याकडे ज्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला, ती त्या दरीतल्या विणकरांची उपासमारीची वर्षं होती.

गावावर राज्य होतं फील्डन घराण्याच्या गिरण्यांचं. पण हा मालक वेगळा. जॉन फील्डन खासदार होता आणि गिरणीतल्या बायका-मुलांचा दिवस दहा तासांवर आणणारा 1847 चा कायदा त्याने पुढाकार घेऊन मंजूर करून घेतला. 1834 च्या गरिबांविषयीच्या कायद्याने मदत हवी असेल तर श्रमगृहात, म्हणजे गरिबांना राबवून घेणाऱ्या सरकारी आश्रयगृहात, येऊन राहा अशी अट घातली, तेव्हा त्याने आणि गावाने मिळून तो कायदा धुडकावला. 1838 मध्ये जप्तीला आलेल्या शिपायांना जमावाने पिटाळलं. इंग्लंडभर श्रमगृहं उभी राहिली तरी टॉडमर्डनचं उभं राहायला 1870 चं दशक संपत आलं. वरून आलेला हुकूम धाब्यावर बसवायची या गावाची सवय जुनी आहे. 2008 मध्ये वाफे लावायला निघालेल्या बायकांनी त्या दंगलींचा विचार केला असेल असं मी म्हणणार नाही. पण जिथे नगरपालिकेला न विचारता रस्त्याकडेला कांदे लावले तर शेजारी तक्रार करण्याऐवजी हसतात, असं गाव एका दिवसात तयार होत नाही.

विसाव्या शतकात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. शतकाच्या सुरुवातीला पंचवीस हजारांच्या घरात असलेली वस्ती ओसरली. पुढे मँचेस्टरला अर्ध्या तासात नेणाऱ्या गाडीमुळे आणि स्वस्त घरांमुळे बाहेरची शिकलेली, हौशी माणसं येऊन राहू लागली. यॉर्कशरच्या बोलीत अशा उपऱ्यांना ‘ऑफकम्डन’ म्हणतात, आणि तीन पिढ्या राहिल्याशिवाय तो शिक्का जात नाही असं अर्धं गमतीने, अर्धं खरं सांगतात. जुने आणि नवे एकाच रांगेत उभे राहतात, पण एकमेकांच्या स्वयंपाकघरात जात नाहीत, ही स्थिती. पुढच्या गोष्टीत ही फट महत्त्वाची आहे.

सुरुवात: बियाण्यांची अदलाबदल

पॅम वॉरहर्स्ट यांनी कॅल्डरडेल या जिल्हा परिषदेसारख्या मंडळाचं नेतृत्व केलेलं होतं. सरकारी कामकाज आतून कसं चालतं हे त्यांना ठाऊक होतं. हवामानबदलावरच्या एका सभेहून लंडनहून परतताना गाडीत त्यांच्या डोक्यात विचार आला, की अहवालांवर अहवाल येताहेत, पण सामान्य माणसाने सकाळी उठून करावं असं त्यात काय आहे? वय, उत्पन्न, धर्म, बोली यांपलीकडची एखादी भाषा आहे का? उत्तर मिळालं: जेवण. मग मेरी क्लिअर या वस्तीविकासाच्या कामातल्या मैत्रिणीबरोबर कॉफीच्या टेबलावर आखणी झाली. आखणी म्हणजे तरी काय? धोरणाचा कागद नको, अनुदानाचा अर्ज नको, कोणाच्या होकाराची वाट नको. जाहीर सभा बोलावली, साठेक माणसं आली. कल्पना ऐकून क्षणभर सन्नाटा, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

पहिलं काम बियाण्यांच्या अदलाबदलीचं. दुसरं, हमरस्त्याच्या कडेची एक पट्टी, जी गावातल्या कुत्र्यांचा शौचकूप झाली होती. ती साफ करून तिथे स्वयंपाकाला लागणाऱ्या सुवासिक पाल्याची बाग केली. तिसरं, स्टेशनच्या वाहनतळाचा कोपरा.

दवाखान्याचं प्रकरण जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे. गावात साठ लाख पौंड खर्चून नवं आरोग्यकेंद्र झालं होतं आणि त्याभोवती शोभेची काटेरी झुडपं लावली होती. आजारी माणसाच्या दारात काटे, आणि खाण्याजोगं काही नाही! मंडळी डॉक्टरांकडे गेली: ही झुडपं काढून फळझाडं लावू का? डॉक्टरांची हरकत नव्हती. फक्त रीतसर बांधकाम-परवानगी आणा, झाडांची नावं लॅटिनमध्ये लिहा आणि सगळं तीन प्रतींत द्या, असं उत्तर आलं. त्यांनी दिलं. म्हणजे ‘न विचारता करा’ हा काही धर्म नव्हता. जिथे विचारल्यावर वेळेत उत्तर मिळेल तिथे विचारायचं, जिथे विचारणं म्हणजेच काम मारून टाकणं आहे तिथे आधी लावायचं आणि मग माफी मागायची. हा फरक ओळखायला प्रशासन आतून पाहिलेला माणूस लागतो. नुसत्या बंडखोराला तो जमत नाही. या गोष्टीच्या लोकप्रिय आवृत्तीतून नेमका हाच मुद्दा गळतो: सुरुवात ‘सामान्य बायकांनी’ केली खरी, पण त्यांतल्या एकीने परिषद चालवलेली होती.

या वाफ्यांना ते ‘प्रचारबागा’ म्हणत. शब्द नेमका आहे. चार बाय दहा फुटांच्या वाफ्यात कितीसं पिकणार? पण रोज तिथून जाणारी हजार माणसं वाटाण्याचा वेल चढताना पाहतात. ज्या पोराला वाटाणा म्हणजे फ्रीजरमधली पिशवी एवढंच माहीत आहे, त्याला शेंग दिसते.

घेण्याची अडचण

लावणं सोपं गेलं. अडचण आली ती घेण्याची.

मेरी क्लिअर यांनी घरापुढची गुलाबाची बाग काढली, कुंपणाची भिंत पाडली, भाज्या लावल्या आणि ‘घेऊन जा’ अशी पाटी लावली. कित्येक महिने कोणी हात लावेना. लोक थांबत, वाचत, पुढे जात. चोरी होईल, नासधूस होईल ही भीती सगळ्यांनी बोलून दाखवली होती. लोक घ्यायला लाजतील हे कोणाच्या मनातही नव्हतं. इंग्रज माणसाचं घर म्हणजे त्याचा किल्ला, आणि दुसऱ्याच्या किल्ल्यातली कोथिंबीर खुडायची म्हणजे त्याला आपण गरजू आहोत हे कबूल करण्यासारखं. फुकट मिळणाऱ्या अन्नाला तिकडे जुना डाग आहे, श्रमगृहाच्या दिवसांपासूनचा. मदत घेणारा आणि देणारा अशी रेघ एकदा पडली की घेणारा त्या बाजूला उभं राहायला नाखूश असतो.

त्यावर उपाय झाला तो अगदी साधा, आणि मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. गरजूंसाठी अशी वेगळी सोय केली नाही. बोधवाक्य ठरलं, त्याचा मराठीत अर्थ असा: जेवतोस ना? मग तू आमच्यातलाच. सभासद-फी नाही, अर्ज नाही, गरिबीचा दाखला नाही. बँकेतला साहेबही रोझमेरीची काडी तोडतो आणि भत्त्यावर जगणारी आईही. बघणाऱ्याला दोघांत फरक दिसत नाही. पाट्यांवर भाजीचं नाव, कधी तोडायची, कशी शिजवायची हेही लिहायला लागले. ऱ्हुबार्बची देठं आपल्या अंबाडीसारखी आंबट. ती कुठून मोडायची आणि तिची पानं मात्र खायची नाहीत, कारण ती विषारी, हे आता सुपरबाजारात वाढलेल्या पिढीला कोणी सांगायचं? पाटीने सांगितलं.

नासधूस झालीच नाही असं नाही, पण भीती होती तेवढी झाली नाही. दुसऱ्याची वस्तू तोडण्यात मजा असते. जी आपलीच आहे, फुकट आहे, ती मोडून कोणावर सूड उगवणार?

महिन्यातून दोन रविवार

काम चालतं कसं, हे पाहायला गेलं तर फार थोडं हाती लागतं. महिन्यातून दोन रविवारी सकाळी लोक जमतात. कोणाला तण काढायचं, कोणाला खत ओढायचं, कोणाला नुसतं गप्पा मारत झाडू मारायचा. दोनेक तासांनी सगळ्यांचं एकत्र जेवण. आपल्या अंगत-पंगतीसारखंच. आला नाहीत तर कोणी विचारत नाही, सहा महिन्यांनी उगवलात तर फावडं तयार. मूळ गटात पगारी माणूस नाही, स्वतःची इमारत नाही, सरकारी पैशावर चालायचं नाही असं ठरलेलं. ज्याच्याकडे फक्त हात आहेत तो खणतो, ज्याला पाठीचा त्रास आहे तो पाट्या रंगवतो, कोणी भिंतीवर मधमाशांचं चित्र काढतं, कोणी पाहुण्यांना गाव दाखवतं.

पाहुणे हे नंतर उत्पन्नाचं साधन झालं. जगभरातून लोक भाजीचे वाफे बघायला येऊ लागले. त्यांना हे लोक हसत ‘भाजी-पर्यटक’ म्हणतात. स्टेशनपासून बाजारापर्यंत एक हिरवी वाट आखली, वाटेवर परागीभवनाची माहिती देणारा भाग, औषधी वनस्पतींची बाग असं काहीबाही. पाहुण्यांना वाटेत 1879 मधल्या बाजारपेठेच्या इमारतीवरून न्यायचं, म्हणजे ते चीज आणि पाव विकत घेतील, हा हिशोब त्यात आहेच. मार्गदर्शनाचे आणि भाषणांचे पैसे बियाण्याला, मातीला लागतात. जुन्या गिरणगावच्या मातीत काय काय मुरलंय याचा भरवसा नसतो. म्हणून बरेच वाफे जमिनीवर चौकटी मांडून, नवी माती भरून केलेले. त्याला खर्च येतो.

हे सगळं विस्कळीत वाटतं. आहेच. गावातल्या दुसऱ्या एका स्वयंसेवी संस्थेशेजारी ठेवून पाहिलं की फरक कळतो. टॉडमर्डनमध्ये हिप्पोड्रोम नावाचं 1908 चं नाट्यगृह आहे. मधल्या काळात ते सिनेमागृह झालं, आज गावच्या हौशी संगीत-नाट्य संस्थेच्या हाती आहे आणि तिकीटविक्रीपासून प्रकाशयोजनेपर्यंत सगळं स्वयंसेवकच पाहतात. पण नाटकात विस्कळीतपणा चालत नाही. तालमीला यावंच लागतं, खजिनदाराला हिशेब द्यावा लागतो, छप्पर गळलं तर पैसा उभा करावा लागतो. तिथला उंबरठा उंच आहे, आणि तो तसा असायलाच हवा. म्हणून आत आलेली माणसं चाळीस-चाळीस वर्षं राहतात. गावात ब्रास बँड आहे, ऑर्केस्ट्रा आहे, समूहगायन आहे. पंधरा हजारांच्या वस्तीला एवढं पुष्कळ झालं. या संस्थांना रविवारी सकाळी रस्त्यावरून जाणारा माणूस सहज चिकटत नाही. त्याला सूर तरी यावा लागतो. भाजीला कोणीही चिकटतो. ऑफकम्डन आणि जुना गिरणीकामगार यांना एका वाफ्यावर वाकायला लावणं नाट्यगृहाच्या आवाक्यात नव्हतं, आणि शंभर वर्षं छप्पर टिकवणं वाफ्यांच्या आवाक्यात नाही. गावाला दोन्ही लागतात. कोणती संस्था ‘यशस्वी मॉडेल’, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो.

अंड्यांचा नकाशा

व्यवसायाच्या अंगाने सगळ्यात लखलखीत भाग अंड्यांचा. परसात कोंबड्या पाळणाऱ्यांकडे चार अंडी जास्तीची असतात. अशी घरं शोधून त्यांनी गावच्या नकाशावर ठिपके काढले. सुरुवात चार ठिपक्यांनी झाली. 2012 मध्ये लंडनच्या एका व्यासपीठावर वॉरहर्स्ट बोलल्या तोवर ते चौसष्ट झाले होते. त्यांच्या सांगण्यानुसार पुढचा क्रम असा: लोक दुकानात जाऊन टॉडमर्डनचीच अंडी मागायला लागले, म्हणून शेतकऱ्यांनी कोंबड्या वाढवल्या, मग मांसासाठीही पक्षी पाळले, मग बाजारातल्या गाळ्यांवर फळ्यावर खडूने लिहिलेलं दिसू लागलं की हे मटण, हे चीज इथल्याच शेतातलं. गावातल्या 49 टक्के अन्नविक्रेत्यांनी आपली कमाई या उपक्रमामुळे वाढल्याचं पाहणीत सांगितलं, असंही त्या म्हणाल्या.

हा आकडा जरा जपून घ्यावा. दुकानदाराला विचारलं की ‘आमच्यामुळे तुमचा धंदा वाढला का?’, तर विचारणारी बाई रोज समोर दिसते हे तो विसरत नाही. शिवाय 2008 नंतरच्या मंदीत धंदा टिकणं म्हणजेच वाढणं वाटलं असेल. तरी नकाशाची युक्ती खरीच. एका पैशाची गुंतवणूक नाही; कोणाकडे काय आहे, ही माहिती फक्त दिसेल अशी केली. मागणी तिथे होतीच, अंडी होतीच, दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

गावकी आणि धंदा यांच्या जोडीला शिक्षण हा त्यांचा तिसरा पाय. शाळेत मुलं लावणी-वेचणी करू लागली, बागकामाच्या प्रशिक्षणासाठी एका रोपवाटिकेने दिलेल्या चिखलाच्या जमिनीवर वाफे आणि प्लास्टिकचे मांडव उभे राहिले. माध्यमिक शाळेच्या आवारात तर मासे आणि पाण्यावरची भाजी एकत्र वाढवणारं आधुनिक केंद्र उभं करायचं ठरलं. माशांच्या पाण्यातली घाण झाडांना खत, झाडांनी गाळलेलं पाणी परत माशांना. कल्पना देखणी. पण लक्षात घ्या, हे रस्त्याकडेचं रोझमेरी नव्हे. त्याला राष्ट्रीय लॉटरीच्या लोकोपयोगी निधीतून अनुदान लागलं, पंप लागले, वीज लागली, सुटीच्या दिवशी मासे मेले तर जबाबदार कोण हे ठरवावं लागलं. परवानगी, पगार, हिशोब, मुदत हे सगळं एकदम आत आलं. मला यात फसवणूक किंवा नालायकी काही दिसत नाही. पण ज्या दिवशी एखादं काम ‘कोणीही या, जमेल ते करा’ वरून ‘अमुक तारखेपर्यंत अमुक आकडा दाखवा’ वर जातं, त्या दिवशी ते दुसरंच काम झालेलं असतं. त्याला दुसरी माणसं लागतात, आणि रविवारचे लोक हळूहळू प्रेक्षक होतात. आपल्याकडे वर्गणीवर चाललेल्या मंडळाला प्रायोजक मिळाल्यावर मांडवात जे होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको.

2018 चं वचन

सुरुवातीच्या उत्साहात आणखी एक गोष्ट झाली. 2018 पर्यंत गाव अन्नात स्वावलंबी होईल, असं लक्ष्य जाहीर झालं. वर्तमानपत्रांना ते फार आवडलं. काहींनी तर गाव स्वावलंबी झाल्यासारखेच मथळे दिले.

तसं होणार नव्हतं, आणि झालं नाही. हिशोब करायला कृषितज्ज्ञ नको. दरीत सपाट जमीन नाही, माथ्यावर पाणथळ माळ आणि मेंढ्या, गहू पिकायला ऊन नाही. पंधरा हजार माणसांची भाकरी रस्त्याकडेच्या चौकटींतून निघत नसते. टीकाकारांनी हे दाखवलं, आणि जोडीला हेही म्हटलं की हे खाऊन-पिऊन सुखी मध्यमवर्गाचं खेळणं आहे. ज्याच्या घरात खरंच चूल पेटत नाही त्याला पुदिन्याच्या काडीचा काय उपयोग. टीकेचा दुसरा भाग मला अर्धाच पटतो. इंग्लंडमधल्या, गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या अन्नपेढ्यांसमोरच्या रांगा 2010 नंतर वाढल्या, त्या थांबवायचं काम रविवारच्या स्वयंसेवकांचं नव्हे, सरकारचं. पण पहिला भाग सरळ मान्य करावा. लक्ष्य फुगवलेलं होतं, आणि त्या फुगवट्यामुळे खरा फायदा मोजायचाच राहून गेला. भाजी किलोत मोजली की प्रयोग नापास होतो. शेजाऱ्याचं नाव किती जणांना कळलं, हे मोजायला तराजू नाही. म्हणून मग वर्तमानपत्रं भाजीच मोजतात.

एक परिणाम मात्र कागदावर दाखवता येतो. ज्या परिषदेला न विचारता वाफे झाले, तिनेच पुढे मोकळ्या पडलेल्या सरकारी जागांची यादी करून लोकांना लागवडीचा परवाना द्यायची पद्धत सुरू केली. याचं महत्त्व कळायला इंग्लंडमधली जुनी व्यवस्था आठवावी लागते. 1908 च्या कायद्याने लोकांना भाजीसाठी भाड्याने तुकडे पुरवणं हे स्थानिक मंडळांचं काम ठरलं. पूर्ण तुकडा साधारण 250 चौरस मीटरचा. पण तो तुकडा एका घराचा असतो, त्याला कुलूप असतं, आणि कित्येक गावांत तो मिळायला वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं. टॉडमर्डनने मागितलं ते वेगळं: कुलूप नसलेली, सगळ्यांची, दिसेल अशी जागा. वॉरहर्स्ट आणि त्यांचे सहकारी पुढे ‘लागवडीचा हक्क’ मागत राहिले, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये हल शहराच्या परिषदेने तो ठराव मंजूर केला. ब्रिटनमधलं ते पहिलं शहर.

कल्पना समुद्रापलीकडेही गेली. फ्रान्समध्ये 2012 च्या सुमारास अल्सास भागातून तिचं फ्रेंच रूप सुरू झालं आणि गावोगावी पसरलं. तिथल्या पाट्यांवर ‘वाटून खायचं अन्न’ असं लिहितात. टॉडमर्डनने कोणाकडे स्वामित्वधन मागितलं नाही, शाखेची फी लावली नाही. एका पानात मावणारी कल्पना होती, म्हणून ती गेली. मासे-केंद्राची नक्कल मात्र कोणी अशी सहज करू शकलं नसतं.

पुराच्या रात्री

2015 च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी कॅल्डर नदी फुगली. टॉडमर्डनपासून खाली हेब्डेन ब्रिजपर्यंत दरीत पुराचे भोंगे वाजले. 2012 मध्येही पाणी आलं होतं, 2020 च्या फेब्रुवारीत पुन्हा आलं. या दरीत पूर नवा नाही. डोंगर उभे आणि माथ्यावरचा माळ भिजून तुडुंब झाला की पाण्याला थांबायला जागाच नाही. अशा वेळी पहिले काही तास शेजारीच शेजाऱ्याला उपयोगी पडतो: कोणाच्या तळघरात म्हातारी एकटी आहे, कोणाकडे पंप आहे, कोण गॅसवर वीस माणसांचं सूप करू शकेल. 2016 मध्ये याच खोऱ्यात ‘स्लो द फ्लो’ नावाची संस्था निघाली. स्वयंसेवक हेब्डेन ब्रिजजवळच्या हार्डकासल क्रॅग्जच्या जंगलात जाऊन ओढ्यांवर ओंडके आडवे रचून पाणी मुरवणारे, झिरपणारे बांध घालू लागले. असे शेकडो बांध झाले. आपल्याकडच्या वनराई बंधाऱ्यांची आठवण यावी असं काम, फक्त हेतू उलटा: आपण पाणी अडवतो ते उन्हाळ्यासाठी, हे अडवतात ते खालच्या गावात दोन तास उशिरा पोचावं म्हणून.

रस्त्याकडेच्या भाजीमुळे लोक पुरात धावले असं जोडकाम मी करणार नाही. ही दरी त्याआधीही धावत होती. पण ज्याच्याबरोबर मागच्या रविवारी खत ओढलं त्याचा फोन नंबर आपल्याकडे असतो, एवढं खरं.

अडचणी आजही आहेत आणि त्या ओळखीच्या आहेत. उन्हाळ्यात हात भरपूर, जानेवारीच्या पावसात चार. सुरुवातीच्या मंडळींची वयं वाढली. वाफ्यांकडे दोन आठवडे कोणी पाहिलं नाही तर तिथे केल या पालेभाजीऐवजी खाजकुयलीसारखं अंगाला खाज आणणारं नेटल माजतं आणि मग गावकरी म्हणतात, बघा, म्हटलं नव्हतं? मोकळ्या जागेतली बाग जितकी लोकांच्या डोळ्यांसमोर असते, तितकीच तिची हेळसांडही. या दरम्यान सरकारच्या नगरनिधीतून टॉडमर्डनला एक कोटी पंच्याहत्तर लाख पौंड जाहीर झाले. त्यासाठी आराखडे, सल्लागार, बैठका, नकाशे असं सगळं आलं. तो पैसा वाईट नाही. गावाला रस्ते आणि इमारती हव्याच आहेत. पण त्या बैठकीत बसायला कागद वाचावे लागतात.

रविवारी सकाळी बसायला काही वाचावं लागत नाही. एक फावडं उचलायचं. कोणीतरी तुम्हाला मातीने भरलेल्या हाताने लीकचा, म्हणजे कांद्याच्या पातीसारख्या भाजीचा, वाफा दाखवेल, आणि वर म्हणेल, लीक काढा थोडे, घरी घेऊन जा.